उपरण्याखालचा राइट-इन

जैनोद्दीननं उपरण्याखालून हात बाहेर काढला तेव्हा जलीलचा पगार दरमहा नव्वद रुपये ठरला होता. पण गुरांच्या बाजाराचा रिवाज असा, की उपरण्याखाली ठरलेला आकडा त्या दोन हातांखेरीज कुणाला कळू द्यायचा नाही. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलेलं नाही. हात बाहेर आलेला नाही. खरं तर तो अजून आतही गेलेला नाही. गुरांचा दलाल जैनोद्दीन तामलवाडीच्या जुन्या नाक्यावर, लिंबाखाली उभा राहून उपरणं झटकत होता आणि त्यातून उडणारी कडब्याची धूळ सोलापूरच्या मल्लिनाथअप्पांच्या इस्त्रीच्या कोटावर शांतपणे बसत होती.

मल्लिनाथअप्पा एका गिरणीचे लेबर ऑफिसर. गिरणीची हॉकी टीमही तेच सांभाळत. टीमला राइट-इन, म्हणजे उजवीकडचा आतला फॉरवर्ड, हवा होता आणि तो तामलवाडीत आहे हे त्यांना कळलं होतं.

"हे काय हो चाचा?"

"सौदा."

"करार टाइप करून आणलाय की. पगाराची जागा तेवढी मोकळी आहे. तुम्ही आकडा बोला, मी लिहितो. संपलं."

"पोराचा भाव चारचौघांत तोंडानं बोलू?" जैनोद्दीननं कानाच्या पाळीला हात लावला. "बैलाचासुदिक बोलत न्हाईत, साहेब."

"बैलाचे निदान दात तरी बघाय मिळतेत," चहाच्या टपरीतून कोंडीराम म्हणाला. गिऱ्हाईक नसलं की तो मतं देत असे. "जल्या, आ कर की."

जलील जीपपाशी उभा होता. तो हसला नाही. सदऱ्याच्या बाहीनं तो गिरणीच्या जीपचा दिवा पुसत होता. दिवा स्वच्छच होता.

निजामाच्या राजवटीत इथं करोडगिरीचा नाका होता. सोलापूरच्या वाटेवरच्या मालावर जकात घ्यायची आणि माल आला नाही की हॉकी खेळायची, ही तिथल्या शिपायांची दोन कामं. राजवट गेली, मग हद्द गेली, मग शिपाईही गेले. गोलाचे दोन खांब मात्र राहिले, कारण त्यांच्या बदलीचा हुकूम कुणी काढला नाही. जैनोद्दीनच्या मयत भावाचं पोर, जलील, त्या दोन खांबांच्या मधे वाढलं. त्याची काठी बाभळीची. फांदी त्यानं स्वतः तोडली आणि हमिदाबीनं, म्हणजे त्याच्या चाचीनं, भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून ती वाकवली. त्या दिवशीचा भात कच्चा राहिला होता. तिघांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

"जमाना बदललाय, चाचा," अप्पा कोट झटकत म्हणाले. "दोन वर्षांमागं चाळीस रुपयांत सेंटर फॉरवर्ड मिळायचा, सिंगल खोलीत राहायचा अन् वर थँक्यू म्हणायचा. आता रेल्वेवाले साठ म्हणतात. पोलिसवाले पंचाहत्तर, शिवाय वर्दी. पोरं हॉकी कमी खेळतात अन् हिशोब जास्त."

"आमचा न्हाय करत हिशोब."

"म्हणून तर आलो."

"म्हणून म्या करतो. बसा."

दोघं पारावर समोरासमोर बसले. जैनोद्दीननं उपरणं दोघांच्या मनगटांवर पसरलं. कोंडीराम किटली घेऊन जवळ आला, पण उपरण्यावरून त्याला कळण्यासारखं काही नव्हतं. कापड नुसतं हलत होतं, आत मांजर निजल्यासारखं.

रीत सोपी होती. एक बोट धरलं की दहा, पुरा पंजा धरला की पन्नास. समोरच्याला पटलं तर त्यानं तेवढीच बोटं परत धरायची, नाही पटलं तर एखादं सोडायचं. हात बाहेर येईपर्यंत सौदा कच्चा. या रीतीनं जैनोद्दीननं उभ्या जन्मात एकही सौदा मोडू दिला नव्हता. आज मात्र त्याला तो मोडायचा होता, आणि मोडायचा तर आब राखून. जलीलला 'जाऊ नको' म्हणणं त्याच्यानं झालं नसतं. 'गिरणीला झेपलं न्हाय रे बेटा' म्हणणं झालं असतं. मग पोर इथंच राहिलं असतं, थोडे दिवस तोंड पाडून, नंतर बाजारहाट बघत. घरात तिसरी थाळी मांडली गेली असती.

त्यानं पहिल्या दमात पंजा दोनदा दाबला. शंभर. तहसिलातल्या कारकुनालाही एवढा पगार नव्हता. आता अप्पा हात झटकून उठतील, म्हणून तो पाय खाली सोडून तयार बसला.

अप्पांनी पंजा दोनदा दाबला.

जैनोद्दीन चपापला. पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस त्यानं बाजारात पाहिला नव्हता. त्यानं घसा खाकरून तीनदा दाबला. दीडशे. अप्पांचा हात थंड पडत चालला होता, पण त्यानं इमानानं तीनदा परत दाबलं. अप्पा मात्र वर लिंबाकडं बघत होते, दवाखान्यात सुई टोचून घेताना माणूस बघतो तसं.

"चालू द्या," कोंडीराम म्हणाला. "साहेबांच्या कपाळावर आकडा दिसाय लागलाय."

चार पंजे. दोनशे. एवढ्या पैशांत गिरणीला कोंडीरामची टपरी, किटली आणि खुद्द कोंडीराम वर्षभर पोसता आला असता. मग गारठलेल्या हातानं एक, दोन, तीन, चार पंजे परत केले आणि शेवटी करंगळीचं नख जैनोद्दीनच्या मनगटावर दोनदा, हलकेच, टेकवलं.

जैनोद्दीनचा हात थांबला.

ही खूण बाजारात नव्हती. ती त्याची स्वतःची होती. सौदा मनापासून पटला की तो असं नख टेकवायचा. ती त्याला कुणी शिकवली नव्हती आणि त्यानं एकालाच शिकवली होती. बाजारातून परतताना बैलगाडीत, याच उपरण्याखाली, चिमुकल्या बोटांशी तो जिलेबीचा सौदा करायचा. पोरगं तीन बोटं धरायचं, तो दोन सोडायचा. पोरगं रुसायचं. मग तो तिन्ही बोटं धरून दोनदा नख टेकवायचा आणि पोरगं उरलेली वाट निवांत झोपायचं.

म्हणजे 'हे काय हो चाचा' म्हणणाऱ्या अप्पांना जलीलनं आधीच शिकवून ठेवलं होतं. चाचा काय धरतील ते, साहेब, तेच परत धरा.

जैनोद्दीननं मान वर केली. जलीलनं आता जीपचा दुसरा दिवा पुसायला घेतला होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या मागं, घराच्या दोरीवर, त्याचा खेळायचा सदरा वाळत होता. सकाळीच धुतलेला, इस्त्री केल्यासारखा ताणून घातलेला. जैनोद्दीन सकाळपासून तो न बघता तीनदा त्याच्याखालून गेला होता.

मग जैनोद्दीन एकेक बोट सोडू लागला.

अप्पा दचकले. विकणारा भाव उतरवतो ही गोष्ट त्यांना शिकवलेल्यात नव्हती. तरी ते तसंच परत करत राहिले, कारण त्यांना तेवढंच येत होतं. दीडशे. सव्वाशेला अर्धं बोट कसं धरायचं ते ठाऊक नसल्यामुळं दोघंही तिथं जरा अडखळले. शंभर. ऐपतीबाहेरचा हात गार पडतो, हे जैनोद्दीनला ठाऊक होतं. तो हात ऊबदार होईपर्यंत तो खाली येत राहिला. एक पंजा आणि चार बोटं धरली तेव्हा समोरचा हात माणसाचा वाटला. त्यानं दोनदा नख टेकवलं आणि हात बाहेर काढला.

ठरलं. किती, ते आपल्याला माहीत नाही.

"किती?" कोंडीरामनं विचारलं.

"चहा आण."

अप्पांनी रुमालानं तळहात पुसला, मग कपाळ.

"साहेब," जैनोद्दीन हळूच म्हणाला, "म्या दोनशेवरच हात काढला असता तर?"

"नोकरी गेली असती माझी."

"मंग कबूल कशापायी केलं?"

अप्पांनी जीपकडं पाहिलं. "पोरगं म्हणलं, चाचा दुसऱ्याचं वाटोळं होईल असा सौदा पुरा करत न्हाईत. मी म्हणलं, बघू या."

जैनोद्दीन उपरण्याची घडी घालत राहिला. घडी झाली, ती मोडली, परत घातली.

हमिदाबी बोचकं आणि काठी घेऊन बाहेर आली. बोचकं तिनं जीपमध्ये ठेवलं. जलीलनं काठीला हात घातला तेव्हा जैनोद्दीन उठला आणि त्यानं ती काढून घेतली.

"चाचा, काठीबिगर खेळू कसा?"

"मिलवाले नवी देतील."

"हीच लागती मला."

"बैल दिला तरी दावं देतो का आपण? ते घरीच ऱ्हातं."

"म्या काय बैल हाय का?"

"न्हाय," हमिदाबी म्हणाली. "बैल एवढं बोलत न्हाय." तिनं पदरानं त्याचा चेहरा पुसला, दिवे पुसपुसून चुरगळलेली बाही वर दुमडली आणि पलीकडं बघत म्हणाली, "भात शिजलेला खात जा."

जलीलनं काठी सोडली. मग त्यानं वाकून चाचाचा हात धरला, उघड्यावर, उपरण्याशिवाय, आणि पुष्कळ वेळ धरून ठेवला. कोंडीरामनं बोटं मोजायचा प्रयत्न केला. त्याला हिशोब लागला नाही.

काठी आत खुंटीवर गेली, दाव्यांच्या शेजारी.

अप्पांनी कागद मांडीवर घेतला, मोकळ्या जागी आकडा लिहिला आणि त्यावर तळहात ठेवला. रिवाज त्यांना कळू लागला होता.

"खाली 'इतर अटी' असा रकाना आहे, चाचा. काही घालायचंय?"

जैनोद्दीननं टोपी सारखी केली. नाक्यावरच्या अंमलदारांपुढं अर्ज करताना तो ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज त्यानं कितीतरी वर्षांनी काढला. अप्पांनी टोपण काढलं आणि त्यानं सांगितलेला एकही शब्द न गाळता सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं:

'सबब, मेहेरबान मॅनेजरसाहेबांचे हुजुरास नम्र अर्ज की, सोलापूर शहर, त्यातील गिरण्या, तलाव व हॉकीचे मैदान यांसह, मौजे तामलवाडी येथील जुन्या नाक्याच्या अलीकडे, हमिदाबीने दारातून मारलेली हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, शक्य तितक्या लवकर हलवण्याची तजवीज व्हावी.'