मामींच्या शब्दाखातर

जेलचं नाव सांगत नाही. मध्य प्रदेशातला धार जिल्हा, एवढं पुरे. तिथल्या माणसांना अजून नोकऱ्या करायच्या आहेत आणि मला त्यांच्याच घरी हळदीकुंकवाला जायचं असतं. म्हणजे, असायचं.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी दर शनिवार-रविवार त्या जेलात पोरांना खो-खो शिकवायला जायचे. फुकट. लोक म्हणायचे, "विद्युल्लताबाई, चोरांना पळायला शिकवता?" हा विनोद प्रत्येकाने मला स्वतःचा म्हणून ऐकवला आणि मी एकदाही हसले नाही. अठरा-वीस वर्षांची पोरं ती, बहुतेकांचा खटलाही अजून उभा राहिलेला नव्हता. खो-खोला दोन खांब आणि चुना पुरतो, म्हणून परवानगी मिळाली. ती दिली जेलर मानसिंगरावाने. त्याची आई माझ्या यजमानांना राखी बांधायची, म्हणून मी त्याची मामी. इकडे मराठी घरं मोजकी. नातं नसलं तर आम्ही जोडतो, आणि जोडलेलं सख्ख्याहून घट्ट धरतो.

त्या पोरांतला मोनू निसरपूरचा. जुनं निसरपूर धरणाच्या पाण्यात गेलं, हे लोक नव्या वसाहतीत पत्र्याखाली. पोरावर पाण्याची मोटर चोरल्याचा आळ होता. चोरली की नाही, मी विचारलं नाही. पण पळतीला असा पोरगा मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. खांबाला वळसा घालताना मागच्याला वाटायचं, लागला हात. आणि हातात नुसती हवा.

अक्षय्य तृतीयेला, रविवारी, देवासचा एक क्लब आमच्याशी खेळायला जेलात येणार होता. देवास माझं माहेर. लहानपणी त्याच गावातल्या मैदानावर, मुलगी म्हणून, मला खेळणाऱ्यांना पाणी द्यायला बसवायचे. मला जिंकायचं होतं. खोटं कशाला बोलू?

पण त्याच दिवशी मोनूच्या बहिणीचं लग्न होतं. "मैडम, बहन के हाथ में लाही तो भाई ही डालता है," तो म्हणाला. आपल्यातही तेच, बहिणीच्या ओंजळीत लाह्या भावानेच घालायच्या. हा एकुलता एक. वकिलाने जामिनासाठी धावपळ चालवली होती. "जमानत हो गई तो मैं नी खेलूँगा."

"हो गई तो पीछे मुड़के मत देखना," मी म्हणाले. "हार जाएँगे. हारने से कोई मरता है क्या?"

हे मी मनापासून म्हणाले होते.

त्याच आठवड्यात मानसिंगरावाच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, सगळं रीतसर. त्याची बायको उर्वशी म्हणाली, "मामी, तुमची टीम कैसी चल रही है?" डाळीचा घास तोंडात होता. मी म्हणाले, "मोनू सुटला तर टीम गेलीच म्हणून समज." बायका बोलतात तसं बोलले. भाजी महागली असं म्हटलं म्हणून कोणी भाजीवाल्याला बांधून आणत नाही.

शनिवारी सरावाला गेले तर फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली एक माणूस बसलेला. धुतलेला शर्ट, मांडीवर पिशवी. मला पाहून उठला.

"मैडम, मोनू का बाप हूँ. जमानत तो काल हुई गी, वकील साब ने बताया. ये लोग बोले, कागज नी आया."

"बैठो भिया, मैं पूछती हूँ."

आत मानसिंगराव चहा पीत होता. "मामी, तुम्ही खेळ सांभाळा, कागद मी सांभाळतो. आला की लगेच बाहेर." आणि हसला. मला ते हसू आपलेपणाचं वाटलं. ते होतंही आपलेपणाचंच, तीच तर रड आहे.

संध्याकाळी शेवटची बस धरायला बाप उठला. लग्नघर टाकून आला होता बिचारा. पिशवीतून गुलाबी साफा काढून त्याने माझ्या हातात ठेवला. "सुबह छूट जाए तो बाँध के सीधा मंडप में भेज देना. आप हो तो चिंता नी." मी तो माझ्या पिशवीत शिट्टीशेजारी ठेवला.

रविवारी हारतुरे झाले, पाहुण्यांची भाषणं झाली. मोनूला मी विचारलं, खेळणार का?

"कागज नी आया तो क्या करूँ? बैठके रोऊँ?"

त्या दिवशी तो रागाने खेळला. शेवटच्या पाळीत एकटा उरला आणि शिट्टी होईपर्यंत देवासवाल्यांना बोट लावू दिलं नाही. जिंकलो. मी ओरडले, नाचले, वयाची लाज सोडली. खांद्याला पिशवी होती, पिशवीत साफा होता.

बक्षिसं वाटली जात असताना मानसिंगराव माझ्या कानाशी वाकला. "मामी, खूश ना? ऑर्डर शुक्रवारीच आली होती. पत्त्यात खोट काढून कोर्टाला परत पाठवली. शनिवार-रविवार कोर्ट बंद. उर्वशी म्हणाली, मामींचा शब्द आहे."

"मी कधी शब्द टाकला रे?"

"आपल्या माणसाला टाकावा लागतो का?"

मैदानावर आयुष्य गेलं, शिव्यांची मला कमतरता नाही. तिथे एकही आठवली नाही. पाहुणे गेल्यावर आठवल्या, आणि त्याच्या खोलीत, दार उघडं ठेवून, सगळ्या घातल्या. तो गोंधळून बघत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं. मामीचं काम केलं आणि मामीच उलटली! पुढे मी वर तक्रारही केली. उत्तर आलं, पत्त्यात चूक होतीच, कारवाई नियमानुसार झाली आहे.

मोनू मंगळवारी सुटला. मी फाटकाशी उभी होते. साफा त्याच्या हातात दिला.

"ये कब आया?"

"शनिवार को. तेरे बाप ने दिया था."

मग सगळं सांगितलं, डाळीच्या घासापासून. लपवून कोणाचं भलं होणार होतं? तो साफ्याची घडी मोडत, पुन्हा घालत ऐकत होता.

"फिर लाही किसने डाली?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं.

मग म्हणाला, "मैडम, आप बोली थीं न, हारने से कोई नी मरता?"

"बोली थी."

"तो ये बात उनके घर भी बोल देतीं."

खरं होतं. पोरासमोर मी मोठ्या मनाची झाले आणि उर्वशीच्या घरी रडगाणं गायले. जे पोराला सांगितलं तेच तिथे सांगितलं असतं, तर पुरे होतं.

त्याने साफा बगलेत धरला आणि तो बसस्टँडकडे निघाला. चालत गेला. आता पळून कुठे पोहोचायचं होतं?