अर्धी गोळी, अर्धा घोट

मी औषधाची एक बाटली बोलते आहे. जे सांगायचे ते सांगण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे, ही माझी खंत आहे.

एकोणीसशे एकोणसाठ साली मुरबाडच्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडरने माझ्या अंगावर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा. रोगी शब्द विसरला तरी बाटलीतील पातळी खरे सांगेल, असा या पद्धतीमागील विचार होता.

त्या भाद्रपदात सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून यमू आणि ठकू या बहिणी आल्या. दोघींच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे होते, त्यांवरून पांढरा कोंडा गळत होता. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, असे डॉक्टर केळशीकरांनी दोनदा सांगितले. यमूचा नवरा सुक्या मात्र तिला माहेरी सोडून गेला होता. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, तर मुकादमाला नवराबायकोची जोडी लागे. तोवर अंग साफ झाले तर नेईन, नाहीतर दुसरी करीन, असे त्याने बजावले होते.

डॉक्टर अभ्यासू होते. या रोगावर पोटात घ्यायची दोन औषधे त्यांच्यापाशी होती: सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, जुने, स्वस्त मिश्रण आणि नवी, महाग गोळी. कोणते अधिक गुणकारी, हे त्यांना पडताळायचे होते. एका रक्ताच्या, एकाच दुखण्याच्या दोन बहिणी आयत्याच समोर होत्या. त्यांनी माझ्यात मिश्रण भरून मला यमूच्या हाती दिले आणि ठकूला गोळ्यांची पुडी. दोघींना रोज दोन मात्रा.

वाटेत ठकू म्हणाली, "तुला पानी, मना गोळी. डाक्टरला वाटा घालता येत नाय गो!"

"मंग आपून घालू," यमू हसली.

त्या वाडीत शिकार असो, मध असो, ओढ्यातले खेकडे असोत, जो हजर त्याचा वाटा पडतो. एकट्याने खाणे हा तेथे उणेपणा समजला जातो. औषधाला हा नियम लागू नाही, असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. रोज एक घोट यमूचा, एक ठकूचा. एक गोळी हिची, एक तिची.

महिन्याने डॉक्टरांनी मला उजेडात धरले. पातळी नेमकी शेवटच्या खाचेवर होती.

"रोज घेतलंत?"

"एक दिस बी चुकला नाय," दोघी म्हणाल्या, आणि ते खरेच होते.

चट्टे दोघींचेही सारखेच फिकटले होते. दोन्ही औषधांचा गुण समान, असा निष्कर्ष त्यांनी वहीत नोंदवला. मग गोळी कशाला? ती एकदम बंद करून त्यांनी दोघींना मिश्रणावर ठेवले.

तीन आठवड्यांत चट्टे पाठभर उसळले, पूर्वीहून लाल, पूर्वीहून दाट. डॉक्टर चक्रावले. खोदून विचारल्यावर वाटणीचे सारे उलगडले: गुण गोळीचा होता, ती दोघींच्याही पोटात जात होती, आणि एकदम तोडल्याने रोग उलटला होता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी घेतलं का, येवडंच इचारलं," यमू म्हणाली. "कोनी कोनी घेतलं, ते नाय इचारलं."

 डॉक्टरांनी वहीतल्या त्या नोंदीवर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले: 'चूक माझी.' गोळी पुन्हा सुरू झाली. पण दिवाळी चार दिवसांवर आली होती.

सुक्या ठरल्याप्रमाणे आला. यमू गाठोडे बांधून उभी होती. त्याने अंगणातूनच तिच्याकडे पाहिले.

"नाय जमायचं, यमे. भट्टीवर तुज्या हातचं पानी कोन घेनार?"

"पानी नको तर तू बी नको! चल, वाट धर!" ठकू ओरडली.

 तो गेल्यावर यमूने गाठोड्याची गाठ सोडली.

आता मी ठकूच्या झोपडीत कुडाला टांगलेली असते. माझ्यात करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचे तेल, असते. बहिणी एकमेकींच्या पाठीला लावतात. दुसरा घरोबा करायला वाडीत मज्जाव नाही, पण यमू म्हणते, "आता कोनाच्या दारात अंग दाखवाया जाऊ?"

औषधांचा गुण ताडून पाहणाऱ्यांनो, एवढीच विनंती आहे. बाटली किती रिकामी झाली, हे मी तुम्हांला सांगेन. त्या घरात कोण कोणाला सोडून जेवत नाही, हे मात्र तुम्हांलाच विचारावे लागेल. आणि ते पहिल्याच दिवशी विचारा.