खालची गड्डी

“पप्पा, तुमचा पांढरा कागद खरंच पांढरा असतो का?”

प्रियलने एका दमात विचारलं आणि दुकानाच्या पायरीकडे पाहिलं. हे विचारायची पैज लावणाऱ्या मेघा आणि किरण तिथे ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. शाळेचा गेल्या वर्षीचा अंक त्यांना पिवळट वाटला होता, आणि त्याचा कागद याच दुकानातला. यंदा प्रियल विद्यार्थी संपादक. “आमचा आर्ट पेपर म्हणजे ब्राइटनेस नव्वदच्या वरच!” असं ती भर वर्गात बोलून बसली होती. उद्या सरांना आकडा द्यायचा होता.

पप्पा, म्हणजे दुकानाचे मालक रुपचंदभाऊ, चिडले नाहीत. त्यांनी कागदाचा ब्राइटनेस, म्हणजे शुभ्रपणा, मापायचं यंत्र काढलं.

“हे मशीन सांगतं बेटा, मैत्रिणी नाही.”

त्यांनी यंदाच्या कागदाचा एक ताव उचलला. तो टेबलाला लागायच्या आत मम्मीने गल्ल्याजवळची जाड, कोरी गड्डी खाली सरकवली. पप्पांनी यंत्र तीनदा टेकवलं. एका आकड्यावर ते कधीच थांबत नसत. तिन्ही वेळा ९०.३.

“झालं समाधान?”

प्रियल आकड्याकडे नाही, गड्डीकडे बघत होती. गड्डी तावापेक्षा पांढरी होती.

“ही खाली कशाला?”

“कागद उघड्या टेबलावर ठेवू नये. सरस्वती असते ती,” मम्मी म्हणाली. “तुझ्या आजोबांपासूनची रीत आहे.”

प्रियलने ताव तळहातावर धरला. त्यातून पाचही बोटं अंधुक दिसली.

“मग खाली याच कागदाचे ताव ठेवू. रीत कुठे मोडते?”

कोणी काही म्हणायच्या आत तिने गड्डी ओढून घेतली, त्याच रिमातले वीसेक ताव खाली रचले आणि यंत्र टेकवलं.

८८.७.

“दीड पॉइंट!” मम्मी घाईने म्हणाली. “डोळ्याला दिसतो तरी का?”

प्रियल पप्पांकडे पाहत राहिली. आता ते पुन्हा मोजतील, तीनदा. पप्पांनी यंत्र बंद केलं आणि डब्यात ठेवलं.

पायरीवरचं हसू थांबलं होतं.

प्रियलने कोरी गड्डी छातीशी धरली.

“पप्पा, मम्मी, उद्या सरांना मी अठ्ठ्याऐंशी पॉइंट सात सांगणार. आणि ही गड्डी सोबत नेणार.”