तुझ्या गळ्याशपथ

"सांग बघू, यातली खरी कुठली?"

अनुराधाने समोरच्या मुलीचा हात धरून सरळ आपल्या छातीवर ठेवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मुलगी दचकली. हॉस्पिटलच्या मदतकक्षातल्या त्या पडद्याआड दोघींखेरीज कोणी नव्हतं, तरी तिने इकडेतिकडे पाहिलं.

"नाही कळत, काकू."

"डावी खोटी. घरी शिवलेली सुती पिशवी आणि आत मोहरी. मोहरीला वजन चांगलं असतं. इथल्या बायका ती माशाला लावतात, मी इथे लावते."

या वाक्याला एरवी हमखास हसू मिळायचं. नऊ वर्षं अनुराधा हा प्रयोग करत आली होती, तोही बंगालीत. प्रकाशची बँकेतली बदली झाली म्हणून ती कोलकात्याला आली, इथेच गाठ निघाली, याच हॉस्पिटलात स्तन काढला, आणि प्रकाश निवृत्त झाल्यावर दोघं शहरातल्या बेहाला भागातल्या फ्लॅटमध्येच राहून गेले. ऑपरेशननंतर सावरली तशी ती रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेच्या टेबलाशी बसू लागली. कुणाला केसांचा टोप मिळवून दे, कुणाला धर्मशाळेत खोली, कुणाला नुसताच चहा पाज. पण तिचं खरं काम एकच होतं. घाबरलेल्या बाईपुढे बसायचं आणि बरी होऊन दाखवायचं.

ही मुलगी मात्र हसली नाही. तेजस्विनी तिचं नाव. नाशिकची, इथल्या सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत इंजिनिअर. डॉक्टरांनी तिला सगळं नीट समजावलं होतं. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. गाठ वेळेवर सापडली होती, आशा चांगली होती. आणि ही शहाणी आईने शोधून काढलेल्या कुठल्याशा वैद्याचा काढा प्यायला नाशिकला निघाली होती. "तुमच्या भाषेतली आहे, तुम्हीच बोला," म्हणत संस्थेच्या गौरीदीने तिला अनुराधाकडे पाठवलं होतं.

आणि यायला मुहूर्त काढला तो नेमका आजचा. थोड्याच वेळापूर्वी वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी अनुराधाला सांगितलं होतं की पाठ दुखते आहे ती वयामुळे नाही. आजार हाडांत उतरला आहे. आटोक्यात ठेवता येईल, समूळ जाणार नाही. अनुराधा डॉक्टरांना थँक्यू म्हणाली, आणि घरी जाऊन प्रकाशला सांगायचं सोडून खाली येऊन आपल्या टेबलाशी बसली. दुसरीकडे कुठे जावं हे तिला सुचलंच नाही.

"माझ्या आत्यानं सगळं केलं होतं, काकू," तेजस्विनी म्हणाली. "केमो, ऑपरेशन, सगळं. तरी कॅन्सर परत आला. मग केस घालवून आणि उलट्या काढून मिळवायचं काय?"

"सगळ्यांचा परत येत नाही गं."

"तुमचा?"

"माझा कुठे आलाय?"

तोंडातून निघून गेलं. बंगालीत तिचं वाक्य ठरलेलं असायचं, "आमि भालो आछि", मी छान आहे. पाठ केलेलं वाक्य, त्यात जीव अडकत नाही. मराठीत तिच्याकडे तयार असं काहीच नव्हतं.

"म्हणजे पूर्ण बऱ्या झालात? का असं बोलायला सांगतात तुम्हाला इथे?"

"पूर्ण बरी झाले."

"घ्या माझ्या गळ्याची शपथ."

म्हणताना तेजस्विनी स्वतःच ओशाळली. मांडीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि शपथ मागत होती शाळकरी पोरीसारखी. पण तिने हनुवटी वर करून गळा पुढे केला होता आणि तो मागे घेतला नाही. गळ्याची खोटी शपथ घेतली तर काय होतं, हे दोघींपैकी एकीलाही सांगायला नको होतं. घेणाऱ्याला काही होत नाही. ज्याचा गळा, तो जातो.

खरं सांगितलं तर ही आजचंच विमान पकडणार, हे अनुराधाला स्वच्छ दिसत होतं. तिने तो कोवळा गळा दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"तुझ्या गळ्याशपथ."

त्याच आठवड्यात तेजस्विनीची केमो सुरू झाली.

प्रकाशला अनुराधाने संध्याकाळी सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. "मी रिटायर झालो तेव्हाच पुण्याला परत जायला हवं होतं आपण," एवढंच म्हणाला, जणू पुण्यात आजाराला पत्ता सापडला नसता. तिला हसू आलं आणि मग रडू आवरेना. शपथेचं मात्र तिने त्याला सांगितलं नाही.

गौरीदीलाही तिनेच सांगितलं. गौरीदीने तिला मिठी मारली, चहा मागवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आपनि एखोन बिस्राम कोरुन, दीदी. आपको देखके पेशंट लोग डर जाएगा."

विश्रांती घ्या! जे तोंड पाहून इतकी वर्षं बायकांना धीर यायचा, ते आता भीती घालणारं ठरलं. पुढच्या खेपेला अनुराधा आली तेव्हा कॉरिडॉरमधल्या बऱ्या झालेल्या बायकांच्या फोटोंच्या रांगेतून तिचा फोटो काढलेला होता. तरी संस्थेला कृतघ्न म्हणायची सोय नव्हती. संस्थेने घरी रजनीगंधाचा गुच्छ पाठवला होता, इथे लग्नाला आणि मयताला चालतो तसला. अनुराधाने तो कचऱ्यात टाकला.

राग तिला सोसता येत होता. भीती सोसवत नव्हती. पहिल्या केमोनंतर तेजस्विनीच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप चढला आणि तिला वॉर्डात ठेवावं लागलं. नर्सकडून हे कळल्यावर अनुराधा रोज फोन करून ताप विचारू लागली. असं अनेकांना होतं, हे तिनेच शेकडो बायकांना समजावलं होतं. शपथेबिपथेने कोणी मरत नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. चिमटीत धरलेला तो गळा काही बोटांवरून जाईना. ताप उतरल्याचं कळलं त्या दिवशी तिने देवापुढे दिवा लावला आणि देवाकडे बघायचं टाळलं.

दुर्गापूजेचे मांडव उतरले त्या सुमारास अनुराधाचीही केमो सुरू झाली. डे-केअरच्या लांबट खोलीत खिडकीजवळची खुर्ची तिला मिळाली. सलाईन लागलं आणि शेजारच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेली तेजस्विनी येऊन बसली.

"अय्या, काकू! आज इकडे?" तिचा चेहरा उजळला. मग तिला अनुराधाच्या मनगटातली सुई दिसली.

नर्सने तेजस्विनीचं सलाईन जोडलं आणि ती निघून गेली.

"कधी कळलं तुम्हाला?"

आणखी एक खोटं सहज चाललं असतं. अनुराधाला त्याचा कंटाळा आला होता.

"तुला भेटले त्याच दिवशी."

"मला भेटायच्या आधी?"

"आधी."

तेजस्विनीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "म्हणजे माझ्या गळ्याची खोटी शपथ घेतलीत तुम्ही."

"तू निघून गेली असतीस गं. आणि गाठ लहान होतेय ना तुझी? डॉक्टर म्हणाले मला."

"होतेय. ते वेगळं." तिचा आवाज चिरकला. "ताप चढला होता ना, तेव्हा मी तुमचं तोंड आठवत पडले होते. काकू बऱ्या झाल्या, मीपण होणार. रात्रभर तेच. आणि तुम्ही... स्वतःचा गळा का नाही धरलात?"

माझ्या गळ्याला आता काय किंमत, असं अनुराधाच्या ओठांवर आलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. तिला या पोरीला वाचवायचं होतं, हे खरंच होतं. पण त्या दिवशी आपण बऱ्या आहोत हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं होतं, ते कुणीतरी मानावंसं वाटलं होतं, हेही तितकंच खरं होतं. त्यासाठी तिने दुसऱ्याचा गळा धरला.

"चुकले मी," ती म्हणाली.

"चुकले नको. सुटली म्हणा."

"काय?"

"शपथ सुटली म्हणा. लहानपणी म्हणायचो तसं."

"सुटली."

"मोठ्याने."

"शपथ सुटली!"

खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. कुणाला काही कळलं नाही. तेजस्विनीने गळ्यावरचा हात खाली घेतला आणि नर्सला बोलावून पलीकडच्या रांगेतली खुर्ची मागितली. नर्सने सलाईनचा स्टँड सरकवत तिला तिकडे नेलं. तिने वळून पाहिलं नाही.

तिची पाण्याची बाटली इकडेच राहिली होती. नर्स परत आली तेव्हा अनुराधाने मोकळ्या हाताने ती तिच्यापुढे धरली.

"उसको बोलो, पानी पीते रहना. थोड़ा थोड़ा," ती म्हणाली. "मेरा नाम मत लेना."