अकराशे प्रश्न आणि एक खोकला

मित्रांनो, मी औषधशास्त्राच्या सराव-प्रश्नांचे एक जुने पुस्तक आहे. माझ्या पोटात अकराशे प्रश्न आहेत. प्रत्येकात एक रुग्ण, त्याची तक्रार आणि खाली चार पर्याय.

मला विकत आणले एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. पदवी हातात होती, पण रुग्ण तपासायचा परवाना मिळवायला एक मोठी परीक्षा द्यावी लागे. तिच्यात त्या दोनदा नापास झाल्या. दुसऱ्या निकालाच्या दिवशी त्यांनी मला कपाटाच्या तळाशी, चादरींखाली ठेवले. रागाने फेकले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी अगदी हळूच ठेवले. पुढचे चार महिने मी नुसते आवाज ऐकत होते. भांड्यांचे, लहानग्या मुलीचे आणि सासऱ्यांच्या खोकल्याचे. कोरडा, खरखरीत खोकला, थांबता थांबत नसे.

सासरे घड्याळे दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यापासून त्यांना वेळ खायला उठे. एका दुपारी चादर शोधताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेले.

"सूनबाई, तू भाजी चिर. मी प्रश्न वाचतो."

"नको हो बाबा. ते पुस्तक बघवतही नाही मला."

"मग बघू नकोस. नुसतं ऐक."

डोळ्याला घड्याळांचे भिंग लावून ते वाचू लागले. औषधांच्या नावांची त्यांनी अशी काही मोडतोड केली, की बाई कित्येक दिवसांनी खळखळून हसल्या. मग रोज दुपारी वीस प्रश्न ठरले. उत्तर चुकले की ते पेन्सिलीने फुली मारत, बरोबर आले की टिंब देत.

तीनशे बाराव्या प्रश्नापाशी मात्र ते अडखळले. "एका साठ वर्षांच्या गृहस्थांना रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू केले. काही आठवड्यांनी त्यांना कोरडा खोकला..." त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, माझ्या पानाशेजारी धरली आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहिले.

"अगं, हा तर मीच की!"

बाईंच्या हातातली सुरी थांबली. डोळे भरून आले. "रोज कानावर पडत होता तुमचा खोकला. एकदाही विचारलं नाही मी. कसली डॉक्टर मी!"

"मला चार पर्याय दिले होते, म्हणून सापडलं. तुझ्यापुढे नुसता म्हातारा होता. आणि कसली गोळी घेतो, हे मी तरी कुठे सांगितलं तुला?" मग ते हळूच म्हणाले, "बंद करू का ही?"

"मुळीच नाही! मनानं काही बंद करायचं नाही. चला, आत्ताच तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ."

भाजी अर्धी चिरलेली तशीच राहिली. डॉक्टरांनी तपासून गोळी बदलून दिली आणि महिनाभरात खोकला गेला. बाई मात्र त्याच दिवसापासून बदलल्या. पर्याय ऐकण्याआधीच विचारत, "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत त्यांना? घरी कोण असतं?"

"हे पुस्तकात नाहीये गं!" सासरे वैतागत. मला ओशाळल्यासारखे होई.

तिसऱ्या खेपेला बाई पास झाल्या. सासऱ्यांनीच घरोघरी जाऊन सांगितले, "आम्ही पास झालो!"

आज सासरे नाहीत. मी बाईंच्या दवाखान्यात एका फळीवर असते. माझी काही उत्तरे आता जुनी ठरली आहेत. मध्यंतरी शिकायला आलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे रद्दीत देऊ का?" बाईंनी मला मांडीवर घेतले. जुनी उत्तरे शाईने खोडून शेजारी नवी लिहिली. पेन्सिलीच्या एकाही खुणेला धक्का लावला नाही. मग मला त्या मुलीच्या हातात दिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या पुस्तकांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आमचे चुकले तर खोडा, सुधारा, पण फेकू नका. आणि जमले तर आम्हाला एकट्याने वाचू नका. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. नावे चुकली तरी चालतील.