शनिवार अजून तसाच

मित्रांनो, मी चौथीच्या वर्गाची जुनी वेबसाइट आहे. गोड बोलायची मला आता सवय राहिलेली नाही. मला राग आलाय, तो ऐकून घ्या.

वर्गाच्या बाईंनी मला एका सुट्टीत बनवलं. गृहपाठाचं पान, सूचनांचं पान आणि मुलांच्या चित्रांचं पान. पहिल्यांदा अक्षरं एवढी मोठी झाली की निम्मं शीर्षक पडद्याबाहेर गेलं! बाई खूप हसल्या होत्या. पालकसभेत त्यांनी ऐटीत जाहीर केलं, "आता सगळं इथेच मिळेल. दुसरीकडे बघायलाच नको." मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. बाईंची हं, माझी नाही.

पण नव्याचे नऊ दिवस! फोनवर पालकांचा ग्रुप निघाला आणि बाई माझ्याकडे फिरकेनाशा झाल्या. माझ्यावरची शेवटची सूचना होती, 'वर्गाचं नाटक शनिवारी सकाळी.' पुढे सभागृह मिळेना, म्हणून नाटक शुक्रवारी ठरलं. ग्रुपवर लगेच कळवलं. मला कोण सांगणार?

नाटकात म्हातारी राणी झालेली मुलगी त्या आठवड्यात तापाने घरी होती. तिचे बाबा बेकरीत रात्रपाळी करतात. दिवसा झोपमोड होते म्हणून ते ग्रुपमधून बाहेर पडले होते. बाईंच्या शब्दावर विसंबून ते रोज मलाच उघडत. मीही रोज शनिवारच सांगत राहिले.

शनिवारी पडद्याच्या कापडाचा झगा घालून ती फाटकाशी आली. फाटकाला कुलूप होतं.

"नाटक? ते काल झालं की," रखवालदार म्हणाला.

बाबांनी फोन पुढे केला. "अहो, इथे बघा ना, शनिवार लिहिलंय."

मी त्या फोनवर उघडी होते. तोंड लपवायला जागा नव्हती.

सोमवारी बाबांनी मला बाईंसमोर धरलं. बाई म्हणाल्या, "अहो, ती वेबसाइट आता कोण बघतं?"

"आम्ही बघतो. तुम्हीच सांगितलं होतं."

मुलीने विचारलं, "बाई, माझं शेवटचं वाक्य कोण म्हणालं?"

"कोणी नाही गं. ते गाळलं."

त्यानंतर सगळ्यांनी मलाच नावं ठेवली. वेबसाइट खोटारडी म्हणे! मी कधी स्वतःच्या मनाने एक अक्षर तरी लिहिलंय? बाई त्या मुलीला "चुकलं माझं" म्हणाल्या असत्या, तर मी गप्प बसले असते. त्या म्हणाल्या नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखं काही बनवायची हौस आली तर आधी स्वतःला विचारा, रोज बघाल का? नसेल जमत तर सरळ पुसून टाका. मला पुसलेलं चालेल. पण बोलती ठेवून वाऱ्यावर सोडू नका, कारण कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवून झगा शिवत असतं.

बाईंनी अजून मला पुसलेलं नाही. उघडून बघा, शनिवार तसाच आहे.