पिंपातला पेबा

मी एक म्हातारा पेबा आहे, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात मला आर्माडिलो म्हणतात. पाठीवर हाडाचं कवच, पायांना माती उकरायची नखं आणि नशिबी सध्या एक पत्र्याचं पिंप.

आमच्या काटेरी रानात मी वाळवी, मुंग्या, मुळं खाऊन मोठा झालो. मेलेलं वासरूही खाल्लं आहे, खोटं कशाला बोलू? माझ्या भावाला कोल्ह्याने नेलं, तेव्हा आमची कवचं अजून मऊ होती. आईला प्यूमाने बिळाच्या तोंडाशीच गाठलं. मी आतून सगळं ऐकलं. पण त्या प्यूमाचा मला कधी राग आला नाही. मी वाळवीवर जगत होतो, तो आमच्यावर जगत होता. पोट भरलं की तो निघून जाई आणि आमच्याबद्दल वाईटसाईट बोलत नसे.

पुढे शेळ्या मारतो म्हणून माणसांनी त्याला गोळी घातली. मला वाटलं, सुटलो! मग त्यांनी शेतासाठी रान जाळलं आणि वारुळांबरोबर माझं जेवणही गेलं. न जळलेली मऊ माती उरली ती फक्त गावाच्या दफनभूमीत. तिथे भुंग्यांच्या अळ्या मिळत. एका ताज्या कबरीच्या कडेला मी वीतभर उकरलं, एवढंच. तेवढ्यात गावातल्या जेनिवाल नावाच्या माणसाच्या कुत्र्याने मला धरलं.

कबर नेमकी जेनिवालच्या सासऱ्याची, आन्सेल्मोची निघाली. पेबा मढी खातो, असं इथे सगळे मानतात. तरी आमचं मांस काही त्यांना सोडवत नाही. म्हणून आम्हाला पिंपात कोंडून तीन आठवडे नुसता मका घालतात. त्याने मांस शुद्ध होतं म्हणे.

आन्सेल्मोची बायको झुल्मिरा रोज पिंपाशी येऊन बसते. आज जेनिवाल तिला म्हणाला, "सासूबाई, बघा तरी, कसा गुबगुबीत झालाय! आता आत जुनं काही राहिलं नाही."

"जुनं काही? मेल्या, तो माझा नवरा होता!"

"अहो, तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं? मक्याने हा धुऊन निघाला, तर माझा म्हाताराही धुऊन गेला ना?"

जेनिवालने डोकं खाजवलं. "मग सोडून देऊ का याला?"

माझा जीव नखांत गोळा झाला. म्हातारी वाकून माझ्याकडे बघत राहिली. बाई, मी त्याला शिवलोसुद्धा नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "उद्या काप. पण पोट माझ्यासमोर फाड. याने खाल्लंय की नाही, ते मला या डोळ्यांनी बघायचंय."

मित्रांनो, कुणावर आळ घेण्याआधी उकरलेल्या मातीत एकदा वाकून बघत जा. माझ्या खड्ड्याखाली आन्सेल्मो शाबूत होता. कुणीच बघितलं नाही. उद्या माझ्या पोटात फक्त मका निघेल आणि जेनिवाल हसून म्हणेल, "बघा सासूबाई, कसं स्वच्छ झालं!"